पापणीवरचा रंग आणि तीस ग्रॅमची सूट

लग्नसराईत माझ्या दुकानात येणाऱ्या बायकांच्या पिशवीत आता साडी आणि ब्लाउजपीसच्या जोडीला रंगांची एक चपटी डबी असते. नाचणगावात माझं शिलाईचं काम आहे. ब्लाउज, फॉल-पिको, अस्तर, लटकन, जे येईल ते. आधी बायका विचारायच्या, "ताई, या काठावर कोणतं कापड जुळन?" आता डबीचं झाकण उघडून विचारतात, "यातला कोणता डोळ्यावर शोभन वो?" रंग जुळवण्यातच माझं आयुष्य गेलं, त्यामुळे हा प्रश्न मला माझ्या कामातलाच वाटतो. मी मशीन थांबवते आणि उत्तर देते.

या डबीबद्दल दोन तऱ्हेची माणसं बोलतात. एक म्हणतात, गावातल्या बाईला हे थेर कशाला. दुसरी म्हणतात, दीडशे-दोनशे रुपयांचं काही डोळ्याला लावूच नये, लावायचं तर महागाचं लावा. पहिल्यांना उत्तर देणं मी सोडलं आहे. दुसऱ्यांशी मात्र मला वाद घालायचा आहे, कारण त्यांची काळजी खरी आहे आणि सांगितलेला उपाय आमच्या कामाचा नाही. स्वस्त असणं हा त्या डबीचा दोष नाही. आत काय आहे ते डबी सांगत नाही, हा दोष आहे, आणि कायद्याने तो चालवून घेतला आहे.

यंदा वैशाखात माझ्या पुतणीचं साक्षगंध झालं. घरासमोर मांडव, दोन्हीकडची जवळची माणसं, पाहुण्यांना जेवण. पोरगी डी. फार्म. शिकते. मेकअप, केस आणि साडी नेसवणं असं सगळं मिळून वर्ध्याला चौकशी केली, तर पॅकेजचा आकडा एका क्विंटल कापसाच्या पुढे जाऊ लागला. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता क्विंटलला 8110 रुपये. त्यातूनच बियाणं, फवारणी आणि वेचाईची मजुरी निघायची. माझ्या दिरांची शेती कोरडवाहू. पोरगीच म्हणाली, "काकू, एका दिवसाच्या चेहऱ्यासाठी बाबाचा क्विंटलभर कापूस नाही घालवाचा. आपणच करू." मला तिचं म्हणणं पटलं. हौस मारायची नव्हती, तिचा खर्च आपल्या आवाक्यात आणायचा होता.

पुलगाव आणि नाचणगाव यांची हद्द आता कागदावरच उरली आहे. रेल्वे स्टेशन, दारूगोळ्याचं भांडार, बंद पडलेली कापड गिरणी सगळं पुलगावच्या नावावर, आणि सणासुदीची खरेदीही तिथेच. दुकानात दोन डब्या हातात आल्या. पहिली मोठी, झाकणावर फुलपाखरं, आत रंगच रंग. मागची बाजू कोरी. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही. दुसरी लहान, नऊ रंगांची. तिच्यावर कंपनीचं नाव-पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायची ती तारीख. किंमत दोनशेच्या आत. दोन्हींच्या किमतीत फरक होता तो एका ब्लाउजच्या अस्तराएवढासुद्धा नव्हता. पुतणीने पहिली डबी खाली ठेवली. परदेशातून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो, हे तिला अभ्यासामुळे ठाऊक होतं. दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना ते कुणी सांगितलेलं नाही. मोठी डबी आमच्या डोळ्यांदेखत विकली गेली.

घरी आल्यावर आधी अंगणात गेलो. रंग ट्यूबलाइटखाली पाहायचा नाही, ही माझ्या सासऱ्यांची शिकवण. ते पुलगावच्या गिरणीत होते. घरात नवं कापड आलं की ते दारात नेऊन उन्हात उलटंपालटं करून पाहत. पुतणीच्या हातावर नऊच्या नऊ रंगांच्या रेघा ओढल्या आणि डबीतला रंग नि हातावरचा रंग यांत किती अंतर पडतं ते दिसलं. पोरगी सावळी आहे. डबीत गोड दिसणारा फिका गुलाबी आणि अबोली तिच्या हातावर राखेसारखे उमटले. पुतणीने कारण सांगितलं: या भुकटीचा पाया असतो शंखजिऱ्याचा, म्हणजे टाल्कचा, त्यात पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. फिक्या छटेत रंगद्रव्य कमी आणि पांढरं जास्त. गोऱ्या कातडीवर हा पांढरेपणा लपतो, सावळ्या कातडीवर तोच आधी दिसतो. गर्द रंगांत लोहाची ऑक्साइडं भरपूर असतात, लाल, पिवळं, काळं. म्हणून विटकरी, तांबूस सोनेरी, आमसुली आणि गर्द शेवाळी हे चार रंग तिच्या कातडीवर जिवंत उतरले. नवापैकी चारच कामाचे, तरीही पैसे वसूल झाले असंच मी म्हणेन. पण एक प्रश्न राहतोच. ज्या देशात बहुतेक बायका गव्हाळ आणि सावळ्या आहेत, तिथे विकायच्या डबीत अर्ध्याहून जास्त रंग फिके का भरावे?

या फिकेपणाचा इतिहास आपल्या घराघरात आहे. 1975 साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीला आपलं नाव बदलून ग्लो अँड लव्हली करायला 2020 उजाडावं लागलं. साक्षगंधाच्या दिवशी पोरीला पांढरी करून बसवायची ही रीत मात्र नावं बदलून जात नाही. आमच्याकडेही एका नात्यातल्या बाईने सुचवलं, की पावडर जरा हात सोडून लावा, फोटोत उजळ येईल. मी नाही म्हटलं. आयशॅडोबद्दल मला आपुलकी वाटते ती याच कारणाने. क्रीम कातडीचा मूळ रंग झाकायला निघालेलं असतं. गर्द विटकरी रंग पापणीवर नीट बसला तर सावळा चेहरा त्याच्या स्वतःच्या रंगात उठून दिसतो, आणि हे काम महागाच्या डबीइतकंच दोनशेच्या डबीनेही होतं.

साडी होती चिंतामणी रंगाची, काठ डाळिंबी. बहुतेक बायका साडीच्या अंगाचा रंग पापणीवर घेऊ पाहतात. माझ्या मते तो घेऊ नये, सगळा चेहरा साडीत विरून जातो. काठाकडे पाहावं. आम्ही पापणीच्या घडीत विटकरी घेतला, मधोमध तांबूस सोनेरी आणि बाहेरच्या कोपऱ्यात किंचित आमसुली. डाळिंबी काठाशी तो आमसुली इतका जवळ गेला की ब्लाउजची पायपिंगही मी त्याच छटेची लावली.

पण रंग निवडून भागत नाही, तो टिकला पाहिजे, आणि वैशाखातल्या आमच्या दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकतो. म्हणून तालीम रात्री करायची नाही, दुपारी करायची. त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रंग लावून दोन-तीन दिवस पाहिलं. खाज नाही, लाली नाही, पुरळ नाही, मगच डोळ्याकडे गेलो. पापणीवर आधी जरासं फाउंडेशन बोटाने थापून घेतलं आणि वरून पावडर, म्हणजे भुकटीला धरायला काहीतरी मिळतं. डबीत आलेली स्पंजाची काडी बाजूला ठेवली, तिने रंग ओढला जातो आणि पापणीही ताणली जाते. मऊ ब्रशने दाबून दाबून रंग बसवला. चमकीचा रंग कोरड्या ब्रशवर उडतो, तो ओल्या बोटाच्या टोकाने बसतो. स्वस्त भुकटी गालावर गळतेच, म्हणून आधी डोळे पूर्ण करायचे, गळलेली भुकटी पुसायची आणि मग चेहऱ्याला हात लावायचा.

एवढं करून पुतणीला भर दुपारी कूलर बंद करून बसवलं. घाम आला, आणि जे शिकायचं ते तेव्हाच शिकलो. चमकीचा सोनेरी घसरून पापणीच्या घडीत जमा झाला. बिनचमकीचा विटकरी हलला नाही. समारंभ म्हटला की बाईचा हात चमकीकडे जातो, दुकानदारही तीच दाखवतो. पण आमच्या हवेत साध्या रंगावर भर द्यावा आणि चमक पापणीच्या मधोमध टिकलीएवढीच ठेवावी. साक्षगंधाच्या दिवशी तसंच केलं. पाहुणे जेवून उठेपर्यंत रंग जागेवर होता.

ही चमक येते कुठून? मुख्यतः अभ्रकातून. भारतातलं अभ्रक म्हटलं की झारखंडातले कोडरमा आणि गिरिडीह हे जिल्हे. तिथे बंद खाणींच्या ढिगाऱ्यांतून अभ्रकाचे तुकडे वेचतात, त्याला ढिबरा म्हणतात, आणि वेचणाऱ्यांत लहान मुलंही असल्याचं वर्षानुवर्षं पुढे आलं आहे. 2017 पासून काही कंपन्या आणि संस्था जबाबदार अभ्रकासाठी एकत्र येऊन काम करतात. आपल्या पोरीच्या पापणीवरची टिकलीभर चमक कुणाच्या पोराने वेचली असेल, हे डबीवरून कळायला काही मार्ग नाही. मला ते कळायला हवं आहे.

आता मूळ तक्रारीकडे येते. आम्ही घेतलेल्या डबीवर नाव, पत्ता, परवाना, तारीख सगळं होतं. घटकांची यादी मात्र नव्हती. मला वाटलं कंपनीने नियम मोडला. पुतणीने मोबाइलवर नियम काढून वाचून दाखवले, आणि कंपनी चुकलेलीच नव्हती.

आपल्याकडे औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा आहे 1940 चा. त्याखाली प्रसाधनांचे स्वतंत्र नियम डिसेंबर 2020 मध्ये आले. त्यात चांगल्या गोष्टी आहेत. शिसं आणि आर्सेनिक यांची संयुगं रंगासाठी वापरायला बंदी आहे. परवानगी असलेल्या रंगद्रव्यांत शिसं 20 पीपीएमच्या वर चालत नाही, म्हणजे किलोभर रंगात वीस मिलिग्रॅम. आर्सेनिकला मर्यादा 2 पीपीएमची. घटकांची यादी उतरत्या प्रमाणाने छापायची, असंही लिहिलं आहे. आणि त्याच्याच पुढे एक परंतुक आहे: द्रव 60 मिलिलिटरपेक्षा आणि घन किंवा अर्धघन माल 30 ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ही यादी छापली नाही तरी चालेल.

तीस ग्रॅम म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणा. नऊ रंगांच्या लहान डबीत सगळे रंग मिळून दहा-बारा ग्रॅम भरतात. काजळाच्या पेन्सिलीत एक ग्रॅमसुद्धा नसतं. लिपस्टिक तीन-चार ग्रॅमची. म्हणजे पायाला लावायच्या क्रीमच्या मोठ्या डबीवर यादी हवी, आणि शरीरातल्या सगळ्यात पातळ कातडीवर, बुबुळापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर जे लावायचं, त्यावर नको. हा नियम वजनाकडे पाहून लिहिला आहे. तो शरीराच्या जागेकडे पाहून लिहायला हवा होता.

डोळ्यांच्या बाबतीत आणखी एक मुभा याच नियमांत आहे. इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारा 1 पीपीएमपर्यंत चालतो, पण फक्त डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनांत तो 70 पीपीएमपर्यंत चालतो. डोळ्याच्या प्रसाधनात जंतू वाढले तर नजरेला धोका, म्हणून पाऱ्याची संयुगं जंतुरोधक म्हणून चालू दिली होती. ती गरज समजू शकते, पण आज दुसरी जंतुरोधकं आहेत. 2023 साली जिनिव्हात मिनामाता करारातल्या देशांनी पारा घातलेली प्रसाधनं 2025 पर्यंत बंद करायचं ठरवलं. ज्या डबीत असं काही असण्याची मुभा आहे तिच्यावर यादीच नसेल, तर बाईने ठरवायचं कशावरून?

पाऱ्याचं नाव निघालं की आम्हा विदर्भातल्या लोकांना अकोला आठवतं. तिथल्या एका विद्यार्थिनीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा आजार झाला, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासात त्याचा धागा चेहरा उजळ करायच्या स्थानिक क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत पोचला. 2023 च्या जानेवारीत ही बातमी आली होती. तिघींनीही ते क्रीम विश्वासाने लावलं होतं. एकाच घरात तिघी आजारी पडल्या म्हणून डॉक्टरांना समान धागा शोधावासा वाटला. एकटीच असती तर कदाचित शोधलाही गेला नसता.

काही जणी यावर म्हणतात, यापेक्षा आपलं जुनं काय वाईट होतं. माझ्या आजीने एरंडेलाच्या दिव्यावर वाटी धरून काजळ पाडलेलं मी पाहिलं आहे. त्या काजळीवर माझं प्रेम आहे, पण जुनं म्हणून सगळं निर्धोक नव्हतं. डोळ्यात घालायचा पारंपरिक सुरमा म्हणजे पुष्कळदा शिशाचं सल्फाइड. झाडीपट्टीतल्या दंडारीत आणि जुन्या नाटक-तमाशांत कलावंत तोंडाला मुर्दाडशिंग लावत, तेही शिशाचंच. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी ते कातडीवर वागवलं, कारण त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. आज सांगता येतं.

कंपन्यांची बाजू मी दुकानदारांच्या तोंडून ऐकली आहे. एवढ्याशा डबीवर जागा कुठे? जागा आहे. डोळ्यात घालायच्या थेंबांची पाच मिलिलिटरची बाटली पाहा, तिच्यावर औषधाचं नाव आणि प्रमाण छापलेलं असतं. युरोपात आकार लहान म्हणून घटकांची यादी माफ होत नाही. वस्तूवर बसत नसेल तर सोबत चिठ्ठी द्यावी लागते. आपल्याकडेही कित्येक कंपन्या स्वतःहून यादी छापतात, त्यांत स्वस्त डब्या विकणाऱ्याही आहेत. छापल्याने माल महाग होत असता तर त्यांनी ते केलं नसतं. यादी असली की सीआय 77491 म्हणजे लोहाचं ऑक्साइड आणि सीआय 77019 म्हणजे अभ्रक, हे शिकायला माझ्यासारख्या बाईलाही फार वेळ लागत नाही. आणि कुणाला ॲलर्जी असेल तर डॉक्टरकडे नेऊन दाखवायला हातात काहीतरी असतं.

बायकांच्या रंगाचा प्रश्न सरकारी विचाराच्या बाहेरचा आहे, असंही कुणी समजू नये. 1952 साली टाटांनी लॅक्मे सुरू केली ती परदेशी प्रसाधनांवर जाणारं परकीय चलन वाचावं म्हणून, आणि त्यामागे पंतप्रधान नेहरूंचा आग्रह होता. तेव्हा हा विषय दिल्लीला पुरेसा मोठा वाटला होता. आज ही डबी नाचणगावच्या घराघरात आली आहे, तर तो लहान कसा झाला?

तेव्हा माझी मागणी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आहे. 2020 च्या नियमांतल्या त्या परंतुकात एक ओळ वाढवा, की डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनांना ही सूट लागू नाही. वजन एक ग्रॅम असो की दहा, घटकांची यादी डबीवर नाहीतर सोबतच्या चिठ्ठीवर हवीच, आणि महाराष्ट्रात विकायच्या मालावर ती देवनागरीतही हवी. दुसरी मागणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. प्रसाधनं विकायला दुकानदाराला परवाना लागत नाही, त्यामुळे कोरी पाठ असलेली डबी चहापत्तीच्या दुकानातही मिळते. तुळशीच्या लग्नानंतर आणि वैशाखाच्या आधी, म्हणजे बायका ही खरेदी करतात त्या दिवसांत, पुलगाव, देवळी, आर्वी, हिंगणघाट इथल्या बाजारांतून अशा डब्यांचे नमुने उचलावेत, तपासावेत आणि निकाल गावात लावावेत. सणासुदीला खवा आणि तेल तपासतात तसंच हे.

माझ्या दुकानात मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. कुणी डबी घेऊन रंग विचारायला आली की मी आधी डबी उलटी करते. मागे पत्ता असेल तर काठ, कातडी आणि दारातला उजेड पाहून रंग सुचवते. एकच ब्रश मांडवातल्या सगळ्या पोरींच्या डोळ्यांवरून फिरवू नका, हेही सांगते, कारण एकीचे डोळे आलेले असले तर ते सगळ्यांना येतात. पाठ कोरी असेल तर ती डबी पापणीला लावू नका म्हणते आणि दुकानदाराकडे परत न्यायला लावते. मागच्या आठवड्यात एकीला दुकानदाराने बदलून पत्ता असलेली दिली, वरचे चाळीस रुपये घेऊन. तिच्या मुलीचं लग्न तोंडावर आहे आणि ब्लाउज अजून माझ्याकडे शिवायचं बाकी आहे.